गाळणी चालू, धार मंद

लखनऊच्या जुन्या कमानींवर माशांची जोडी कोरलेली दिसते. अवधच्या नवाबांचे ते राजचिन्ह होते आणि पुढे उत्तर प्रदेशाच्या राज्यचिन्हातही दोन मासे आले. मराठी वाचकाला हे शहर ठाऊक असते ते भातखंड्यांच्या संगीत महाविद्यालयामुळे, फार तर चिकनच्या कुडत्यांमुळे. माशांच्या अभ्यासातही त्याचे नाव मोठे आहे, हे सहसा कानावर येत नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो 1983 साली अलाहाबादेत स्थापन झाला आणि नंतर लखनऊच्या दिलकुशा भागात आला. देशातल्या माशांच्या जातींची नोंद ठेवायची, त्यांची जनुके अभ्यासायची आणि ज्या जाती कमी होत चालल्या आहेत त्यांना बंदिस्त पाण्यात वाढवून बघायचे, हे त्याचे काम. आवारात ‘गंगा ॲक्वेरियम’ नावाचे मत्स्यालयही आहे.

या प्रकरणाचा विषय त्या मानाने घरगुती आहे. काचेच्या टाकीत माशांची जोडी अंडी घालायच्या बेतात आहे, फिल्टर जोरात चालतो आहे आणि त्याच्या धारेने सगळा मामला बिघडतो आहे. अशा वेळी बहुतेक जण एक तर फिल्टर तसाच चालू ठेवतात किंवा सरळ बंद करून टाकतात. दोन्ही चूक. का चूक, हे समजायला टाकीपासून थोडे दूर, गोमतीच्या काठी जावे लागते.

गोमती ही मैदानातली नदी. तिच्या दोन्ही अंगांना पावसाळ्यात भरणारे ताल, झिली, भातखाचरे आणि कालव्यांच्या कडेची डबकी आहेत. या एकाच खोऱ्यात मासे किती वेगवेगळ्या पाण्यात वितात, ते पाहण्यासारखे आहे.

रोहू घ्या. त्याला पूर लागतो. पावसाचे नवे पाणी चढू लागले, नदी पात्राबाहेर पसरू लागली, की रोहू, कतला, मृगळ अंडी सोडतात. ही अंडी कशाला चिकटत नाहीत; वाहत्या पाण्याबरोबर हलत राहतात आणि चौदा-वीस तासांत फुटतात. तळ्याच्या ठप्प पाण्यात हे मासे वाढतात, पोसतात, पण वितात क्वचितच. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मासेपालक नदीतूनच बीज पकडून आणत. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. आजही तो दिवस राष्ट्रीय मत्स्यपालक दिन म्हणून पाळतात. त्यानंतर गोल हौदांच्या उबवणी आल्या. त्या हौदात पाणी मुद्दाम गोल फिरवत ठेवतात, नाहीतर अंडी तळाशी बसून कुजतात. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढची आहे: अंडी फुटायची वेळ आली की हाच उबवणीवाला पाण्याचा जोर कमी करतो, कारण नुकतेच बाहेर आलेले पिल्लू फार नाजूक असते, आणि ते सावरले की जोर पुन्हा वाढवतो. पुराच्या माशालासुद्धा काही तास मंद पाणी लागतेच.

चितळ हा उत्तर प्रदेशाचा राज्यमासा. त्याची तऱ्हा निराळी. तो अंडी बुडालेल्या लाकडाला, खुंटाला चिकटवतो आणि पालक मासा राखण करत शेपटीने त्यांना वारा घालतो. म्हणजे प्रवाह इथेही आहे, पण तो पालकांच्या ताब्यातला आणि अंड्यांपुरता. लखनऊच्या ब्युरोतल्या शास्त्रज्ञांनी चितळाच्या बंदिस्त प्रजननावर काम केलेले आहे.

आणि मग आपला नायक, कोलिसा. जगभरच्या दुकानांत ‘ड्वार्फ गोरामी’ म्हणून मिळणारा, निळ्या-तांबड्या तिरप्या पट्ट्यांचा, बोटभर लांबीचा हा मासा मूळचा गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने 1822 साली गंगेच्या माशांवरचा आपला ग्रंथ छापला, त्यात याचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. आजचे शास्त्रीय नाव ट्रायकोगॅस्टर लॅलिअस. जगातल्या प्रयोगशाळांचा लाडका झेब्रा मासाही त्याच ग्रंथातला. हौशी मंडळी परदेशी माशांसाठी खिसा रिकामा करतात आणि आपल्याच खोऱ्यातला हा मासा कधीकधी परदेशी शेततळ्यांत वाढून परत आपल्या दुकानात येतो, ही जरा गंमतच आहे.

कोलिसा राहतो पाणवनस्पतींनी दाटलेल्या, जवळजवळ थांबलेल्या पाण्यात. नर पृष्ठभागावर लाळेच्या बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि त्यात शेवाळाचे, पाणगवताचे तुकडे गुंफतो. मादीची अंडी पाण्यापेक्षा हलकी असतात. ती वर तरंगून घरट्यात जातात आणि जी भरकटतात ती नर तोंडात धरून आणून ठेवतो. पाणी 27-28 अंशांवर असेल तर दीड दिवसाच्या आत पिल्ले बाहेर येतात, पण पुढचे दोन-तीन दिवस ती घरट्याखाली नुसती लोंबकळत असतात. पोहता येत नाही. लांबी दोन-तीन मिलिमीटर.

आता या घरट्यावर फिल्टरची धार आली तर काय होईल, हे सांगायला नको. बुडबुडे फुटतात, गवताचे तुकडे विखुरतात, नर पुन्हा बांधायला घेतो, पुन्हा तेच. काही नर दोन दिवसांत नाद सोडतात. काही मादीवर राग काढतात. अंडी घातलीच तर ती टाकीभर फिरतात आणि पिल्ले फिल्टरच्या तोंडात ओढली जातात.

धारेचा हिशेब एकदा करून पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी साधी टाकी घ्या. काठापर्यंत भरली तर तिच्यात सुमारे 55 लिटर पाणी मावते. त्यात ताशी 400 लिटरचा छोटा पॉवर फिल्टर लावला, तर टाकीचे सगळे पाणी तासाला सात-आठ वेळा त्यातून जाते. रोजच्या टाकीला हे चालते. पण कोलिसाच्या विणीसाठी पाण्याची उंची 15 सेंटिमीटरवर आणतात. पाणी झाले निम्मे, सत्तावीस लिटर, फिल्टर तोच. म्हणजे आता पाणी तासाला पंधरा वेळा घुसळले जाते. विणीसाठी म्हणून जी पहिली गोष्ट आपण करतो तिनेच प्रवाह दुप्पट होतो, आणि पुस्तकांत हे सहसा लिहिलेले नसते.

पुढे जाऊ. ताशी 400 लिटर म्हणजे सेकंदाला 111 घनसेंटिमीटर पाणी. फिल्टरचे तोंड 12 मिलिमीटर व्यासाचे असेल तर पाणी त्यातून सेकंदाला जवळपास एक मीटर वेगाने बाहेर पडते. दहा सेंटिमीटर पुढे तो वेग साधारण 70 सेंटिमीटर उरतो. तोंड दुप्पट रुंद केले, 24 मिलिमीटरचे, तर सुटतानाचा वेग एक चतुर्थांश होतो, म्हणजे 25 सेंटिमीटर. आणि तेच पाणी वीस बारीक भोकांच्या नळीतून, म्हणजे स्प्रे बारमधून सोडले तर? प्रत्येक भोक चार मिलिमीटरचे धरा. सुटताना वेग 44 सेंटिमीटर असतो, रुंद तोंडापेक्षा जास्त. पण बारीक धार आजूबाजूच्या पाण्यात लवकर विरते. दहा सेंटिमीटर पुढे तिचा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आसपास येतो. फिल्टरमधून जाणारे पाणी थेंबभरही कमी झालेले नाही आणि तडाखा सातव्या हिश्श्यावर आला. पाणी किती जाते आणि ते किती जोरात जाते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या प्रकरणातला सगळा कारभार एवढ्यावर चालतो.

तरीही सेकंदाला दहा सेंटिमीटर हे तीन मिलिमीटरच्या पिल्लाला वादळच. म्हणून स्प्रे बार टाकीच्या मध्याकडे तोंड करून कधीच लावू नये. तो मागच्या किंवा बाजूच्या काचेकडे वळवा. धार काचेवर आपटते, पसरते आणि परत येताना तिच्यात दम उरत नाही. नळी बाजारातलीच हवी असेही नाही. प्लास्टिकच्या नळीचे एक टोक बुचाने बंद करून तापलेल्या खिळ्याने भोके पाडली तरी चालते. भोकांच्या कडा मात्र आतून साफ करा, तिथे घाण धरते.

टाकीच्या काठावर लटकणारा फिल्टर असेल तर त्याचे पाणी धबधब्यासारखे वरून पडते, आणि पृष्ठभागावर घरटे बांधणाऱ्या माशाला नेमके तेच नको असते. अशा वेळी पाण्याच्या बाटलीचा मधला भाग कापून त्या धबधब्याखाली पन्हळीसारखा अडकवतात. पाणी दोन्ही बाजूंना पसरून उतरते. जाड स्पंजचा तुकडा पडत्या धारेखाली बांधला तरी काम होते. दिसायला हे ओबडधोबड आहे, पण विणीची टाकी दिवाणखान्यात मिरवायची नसतेच.

बऱ्याच फिल्टरांना पाणी कमी-जास्त करायची चकती असते. नसेल तर नळीत छोटा व्हॉल्व्ह बसवतात, आणि इथे एक गोष्ट काटेकोर पाळावी. व्हॉल्व्ह पाणी बाहेर पडणाऱ्या नळीवर बसवा, ओढणाऱ्या नळीवर नाही. फिल्टरमधल्या, चुंबकावर फिरणाऱ्या पंपांना पुढून अडवलेले सोसते. पाणी कमी ढकलावे लागते, इतकेच. मागून कोंडले तर पंप पाण्यावाचून हवा धरतो, खडखडतो आणि लवकर झिजतो. ओढणाऱ्या तोंडावर स्पंज जरूर चढवावा, पण तो मोठा आणि भरड हवा. मोठ्या स्पंजमुळे ओढ मोठ्या पृष्ठभागावर विभागली जाते आणि पिल्लू जवळ गेले तरी चिकटत नाही. बोटभर स्पंज चढवून समाधान मानणारे बरेच आहेत. तो आठवड्यात तुंबतो.

हे सगळे करण्यापेक्षा विणीच्या टाकीत साधा स्पंज फिल्टर लावावा, हे माझे स्पष्ट मत. एअर पंपची हवा नळीतून वर चढते, चढताना पाणी सोबत नेते आणि त्या जागी नवे पाणी स्पंजमधून गाळून येते. यात फिरणारे पाते नाही, पिल्ले चिरडायची भीती नाही. शिवाय उभी नळी जितकी खोल बुडालेली, तितके ती जास्त पाणी उचलते. त्यामुळे पाणी पंधरा सेंटिमीटरवर आणले की स्पंज फिल्टर आपोआप मंदावतो. पॉवर फिल्टर याच्या नेमका उलटा वागतो, ते वर पाहिलेच. फक्त हवेचे बुडबुडे फुटताना पृष्ठभाग थरथरतो, म्हणून तो घरट्याच्या समोरच्या टोकाला ठेवा आणि हवा इतकी कमी करा की बुडबुडे मोजता यावेत.

हवा कमी करताना पुन्हा एक बारकावा. एअर पंपची नळी चिमटून हवा अडवू नका. आतल्या रबरी पडद्यावर ताण येतो. टी आकाराचा जोड लावून जास्तीची हवा दुसऱ्या वाटेने मोकळी सोडा. पाण्याच्या पंपाला अडवलेले चालते, हवेच्या पंपाला सोडून दिलेले बरे. आणि एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा किंवा नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवा, कारण वीज गेली की पाणी नळीतून उलटे उतरून पंपात शिरते.

विजेचा विषय निघाला म्हणून फिल्टर बंद करण्याच्या सवयीकडे येतो. जोडी शांत राहावी म्हणून रात्री फिल्टर बंद करणारे कमी नाहीत. माशांच्या कल्ल्यांतून आणि मलमूत्रातून अमोनिया बाहेर पडतो. स्पंजवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि या कामाला त्यांना भरपूर प्राणवायू लागतो: अमोनियातल्या एक ग्रॅम नायट्रोजनमागे साडेचार ग्रॅमहून जास्त. पाणी थांबले की स्पंजच्या आतला प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात, आणि सकाळी बटण दाबले की साचलेली घाण टाकीत येते. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये हे फार लवकर घडते.

लखनऊसारख्या ठिकाणी हा धोका वाढतो, त्याला दोन कारणे आहेत. पहिले पाणी. गंगेच्या मैदानातले भूजल जड आणि बहुधा क्षारीय असते. अमोनियाचा विषारी भाग पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर ठरतो. 30 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच 8 झाला की तोच वाटा सात टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे तेवढीच घाण, पण नऊपट जहाल. दुसरे कारण उन्हाळा. मे महिन्यात तिथला पारा 45 अंशांच्या घरात जातो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात, 35 अंशांना जेमतेम 7. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांनी हा परिच्छेद आपल्यासाठीच लिहिला आहे असे समजावे.

कोणी म्हणेल, कोलिसा तर वर येऊन हवा घेतो, त्याला पाण्यातल्या प्राणवायूची काय पडली? मोठ्या माशाबाबत हे खरे. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर चुणीदार अवयव असतो, त्याने तो हवेतला प्राणवायू घेतो. पिल्लांना तो जन्मतः नसतो. पुढच्या काही आठवड्यांत तयार होतो. तोवर ती पूर्णपणे पाण्यावर अवलंबून असतात. आईबाप मजेत आणि पिल्ले तळाला मेलेली, या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते. तो अवयव तयार होत असताना पाण्यावरची हवाही उबदार लागते, म्हणून टाकीवर काच झाकून ठेवतात. अगदी घट्ट नव्हे.

मंद पाण्याचेही त्रास आहेत. पृष्ठभागावर तेलकट साय धरते आणि प्राणवायू आत शिरेनासा होतो. वर्तमानपत्राचा कागद हलकेच टेकवून उचलला की ती निघून येते, घरट्याची बाजू तेवढी सोडा. हिवाळ्यात हीटर लावला तर वरचे पाणी कोमट आणि तळाचे गार असे थर पडतात. हीटर तळाशी आडवा, स्पंज फिल्टरच्या शेजारी ठेवला की वर चढणारे पाणी ऊब वाटून टाकते. थर्मामीटर मात्र हीटरपासून दूरच्या कोपऱ्यात लावा.

प्रवाह योग्य झाला की नाही, हे डोळ्यांनी कळते. वाळलेल्या पानाचा चुरा घरट्याच्या कोपऱ्यात टाका. तो जागच्या जागी रेंगाळला पाहिजे. फिल्टरच्या बाजूला टाका. तिथे तो सावकाश का होईना, सरकला पाहिजे. दोन्हीकडे थांबला तर फिल्टर फारच कोंडला आहे. घरट्याच्या कोपऱ्यात देशी बदामाचे वाळलेले पान किंवा थर्माकोलचा अर्धा पेला तरंगत ठेवला, भोवती हायड्रिला किंवा जावा मॉसचा गुंता सोडला, की नराला आयता आडोसा मिळतो. वनस्पतींचा गुंता धार जितकी सहज मोडतो तितकी कुठलीही प्लास्टिकची पन्हळ मोडत नाही. झिलीतही हेच घडते.

अंडी दिसली की मादी काढून घ्या, नर तिला जवळ फिरकू देत नाही आणि टाकी लहान असते. पिल्ले आडवी पोहू लागली की नरही काढा. त्याची राखण संपली आणि भूक सुरू झाली. यानंतरचा पहिला आठवडा खायला घालण्याचा आहे. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव आणि पुढे आर्टेमियाची पिल्ले, असा क्रम. या दिवसांत पाण्यात अन्न सतत तरंगत असते आणि जोराचा फिल्टर ते पिल्लांआधी खाऊन टाकतो, म्हणून तेव्हाही धार मंदच. मात्र अन्न वाढले की घाण वाढते. पिल्ले सहज पोहताना दिसू लागली की दर दोन-तीन दिवसांनी हवा किंचित वाढवत जा. उबवणीवाला गोल हौदात करतो तेच आपण बोटभर व्हॉल्व्हवर करायचे.

स्पंज धुताना नळाचे पाणी वापरू नका. क्लोरिनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोन-तीनदा पिळा. आणि नवा कोरा स्पंज विणीच्या टाकीत लावून उपयोग नाही, त्यावर जिवाणू धरायला चार ते सहा आठवडे जातात. लखनऊत पाऊस जूनच्या उत्तरार्धात पोचतो आणि कोलिसाची वीण त्या सुमारास रंगात येते. जूनअखेर जोडी सोडायची असेल तर स्पंज मेच्या मध्यापर्यंत एखाद्या चालत्या टाकीत ठेवून द्या.